दोन काठ्या, एक टाकी: समरूप त्रिकोणांची गोष्ट

या भागात आकडे जरा जास्त आहेत, आणि बसमध्ये लटकत ऐकताना आकडे निसटतात. म्हणून इथे लिहिताना ते सावकाश घेतलेत. जमलं तर कागद-पेन जवळ ठेवा.

दिवाळीत मी चाळीसगावला आत्याकडे गेलो होतो. आतेबहीण यंदा दहावीला. घरात इंजिनियर आला की त्याच्यापुढे गणिताची वही सरकवायची, ही आपल्याकडची पद्धतच आहे. फराळाची ताटली आणि वही एकदमच आली. भाग दोनचं पहिलं प्रकरण, समरूपता. त्यातलं प्रमाणाचे मूलभूत प्रमेय: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली, तर ती उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात कापते.

"दादा, प्रमेय कळलं. सिद्धता पण पाठ आहे," ती म्हणाली. "फक्त एक सांग. सगळं लांबीबद्दल चाललंय ना? मग मध्येच क्षेत्रफळ कुठून आलं?"

माझी बोलती बंद. दहावीत याच सिद्धतेचे पूर्ण मार्क घेतले होते मी. पुढे बी.टेक. केलं. आज माझं रोजचं काम कॅमेऱ्याच्या ॲपचं आहे, म्हणजे फोटोतली कुठली वस्तू किती लांब आहे ते काढणारा कोड. थोडक्यात समरूप त्रिकोणांवरच माझं पोट चालतं. आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. "ते तसंच असतं गं" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, ते चकलीबरोबर गिळलं आणि म्हटलं, "उद्या सांगतो."

त्या रात्री मोबाइलवर वाचत बसलो. आजचा भाग त्या वाचनातून आणि पुढच्या दोन दिवसांच्या उद्योगातून आलाय.

समरूप त्रिकोणांचा इतिहास म्हटलं की सगळे थेलीसपासून सुरू करतात. थेलीस हा मिलेटसचा, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक. तो इजिप्तला गेला आणि सावलीवरून त्याने पिरॅमिडची उंची मोजली, अशी कथा. पण ही कथा आपल्याकडे ज्या पुस्तकांतून येते, ती त्याच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेली आहेत. आणि गंमत म्हणजे त्यांत दोन वेगवेगळ्या कथा आहेत. डायोजीनीस लेर्शियस हा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला लेखक हायरोनिमस नावाच्या जुन्या लेखकाचा हवाला देऊन सांगतो की, माणसाची सावली माणसाएवढी होते त्या क्षणी थेलीसने पिरॅमिडची सावली मोजली. प्लुटार्क मात्र सांगतो की त्याने सावलीच्या टोकाशी काठी उभी केली आणि दोन सावल्यांचं प्रमाण तेच दोन उंचींचं प्रमाण, हे दाखवलं.

दोन्ही कथा एकच वाटतात, पण नाहीत. पहिलीत फक्त निरीक्षण आहे: माझी सावली माझ्याएवढी, तर त्याचीही त्याच्याएवढी. दिवसातल्या ठरावीक क्षणाची वाट बघावी लागते. दुसऱ्या कथेत वाट बघायची गरज नाही. सावली दुप्पट असो, पाऊणपट असो, जे काठीचं तेच पिरॅमिडचं. समरूपता खऱ्या अर्थाने इथे सुरू होते.

आणि पहिली कथा प्रत्यक्षात करून बघायला गेलं तर भलतीच अडचण आहे. गिझाचा खुफूचा पिरॅमिड मुळात साधारण १४६ मीटर उंच होता आणि पायाची बाजू २३० मीटर. सावली मोजायची ती शिखराच्या थेट खालच्या बिंदूपासून. तो बिंदू पिरॅमिडच्या पोटात, कडेपासून ११५ मीटर आत! म्हणजे सावली १४६ मीटर झाली तरी बाहेर दिसणार जेमतेम ३१ मीटर. आतले ११५ मीटर पायाच्या निम्म्या बाजूवरून धरायचे, आणि तेही सूर्य पिरॅमिडच्या एका बाजूला बरोबर काटकोनात असेल तरच. पिरॅमिडच्या बाजू उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आहेत, म्हणून भर दुपारी तशी वेळ येते. गिझा ३० अक्षांशावर आहे. तिथे दुपारी सूर्य ४५ अंशांवर असण्याचे दिवस वर्षातून दोनदाच येतात, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. थेलीस नेमका त्याच दिवसांत तिथे पोचला असेल तर त्याचं नशीब. मला प्लुटार्कची काठी जास्त पटते.

इजिप्तच्या लोकांना हे प्रमाण माहीत नव्हतं आणि ग्रीक माणसाने येऊन शिकवलं, असं मात्र समजू नका. राइंड पपायरस नावाचा गणिताचा दस्त इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमाराला उतरवलेला आहे, म्हणजे थेलीसच्या जवळजवळ हजार वर्षं आधी. त्यात 'सेकेद' नावाचं माप येतं: भिंत एक हात वर चढली की किती आत सरकते. एका हातात सात तळवे. एक उदाहरण असं की पाया ३६० हात, उंची २५० हात, तर सेकेद किती? उत्तर, ५ पूर्णांक १/२५ तळवे. करून बघा, १८० भागिले २५० गुणिले ७. पिरॅमिड कितीही मोठा होवो, सेकेद तोच ठेवला तर उतार तोच. गवंड्याच्या भाषेतली समरूपताच की.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो इथेच अडकलाय.

समजा समांतर रेषेने त्रिकोणाची डावी बाजू २ : ३ अशी कापली. मग सोपं आहे. डाव्या बाजूचे पाच सारखे तुकडे करा, प्रत्येक खुणेतून पायाला समांतर रेषा काढा, उजव्या बाजूचेही पाच सारखे तुकडे पडतात. दोन वर, तीन खाली. क्षेत्रफळाची गरजच नाही. कुठलंही पूर्णांकांचं प्रमाण असू दे, ३७ : ५१ असू दे, तुकडे बारीक करत गेलं की झालं.

सुरुवातीचे ग्रीक गणिती बहुधा याच भरवशावर होते. आपण नवशिके असताना धरून चालतो ना, की इन्टिजरवर सगळं भागेल, तसं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की चौरसाची बाजू आणि कर्ण यांना एकच माप लागू पडत नाही. कितीही बारीक तुकडा घ्या, बाजू त्याने पूर्ण भागली तर कर्ण भागत नाही. आज आपण म्हणतो की २ चं वर्गमूळ अपरिमेय आहे. मग समांतर रेषेने बाजू याच प्रमाणात कापली असेल तर? सारखे तुकडे पडतच नाहीत. मघाची सोपी सिद्धता तिथेच कोसळते. आणि गंमत म्हणजे प्रमेय खरंच आहे, फक्त ते खरं का, हे सांगायला तोंड राहिलं नाही.

वाट काढली युडॉक्ससने, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. त्याने 'दोन प्रमाणं सारखी' याचा अर्थच नव्याने बांधला. त्याचं म्हणणं साधारण असं: कुठलेही दोन पूर्णांक घ्या. पहिल्या राशीची इतकी पट आणि दुसरीची तितकी पट यांत मोठी कोण ते बघा. हीच तुलना दुसऱ्या जोडीतही करा. पूर्णांक कुठलेही घेतले तरी दोन्हीकडे निकाल सारखाच येत असेल, तर प्रमाणं सारखी. इथे तुकडे मोजायचे नाहीत, फक्त 'मोठं की लहान की सारखं' एवढंच विचारायचं. अपरिमेय प्रमाणही यात बसतं.

इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराला युक्लिडने हे आपल्या ग्रंथात घेतलं. त्याचा सहावा खंड समरूप आकृत्यांचा. त्यातलं पहिलं विधान असं की सारख्या उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं त्यांच्या पायांच्या प्रमाणात असतात. हे युडॉक्ससच्या कसोटीवर सहज उतरतं: पाया दुप्पट तर क्षेत्रफळ दुप्पट, पाया मोठा तर क्षेत्रफळ मोठं. आणि दुसरं विधान म्हणजे आपलं दहावीचं प्रमेय. त्याची सिद्धता अशी: डाव्या बाजूच्या दोन तुकड्यांचं प्रमाण दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांत बदला. समांतर रेषांमधले, एकाच पायावरचे दोन त्रिकोण क्षेत्रफळाने सारखे असतात, म्हणून डावीकडचा त्रिकोण काढून त्या जागी उजवीकडचा ठेवा. मग क्षेत्रफळांचं प्रमाण परत लांबीत बदला, यावेळी उजव्या बाजूच्या.

म्हणजे क्षेत्रफळ हा मधला पूल आहे. डावी बाजू एका दिशेने जाते, उजवी दुसऱ्या. दोघींना मोजणारं एकच माप मिळेलच याची खात्री नाही. पण दोघींचं क्षेत्रफळाशी जमतं. डावीकडून पुलावर चढायचं, उजवीकडे उतरायचं.

बहिणीच्या पाठ्यपुस्तकातली सिद्धता आणि युक्लिडची सिद्धता शेजारी ठेवून पाहिली. अक्षरं सोडली तर पायरीला पायरी जुळते. तेवीसशे वर्षांपूर्वीचा कोड, अजून तसाच चालतोय. फक्त तो का लिहिला ती कॉमेंट कोणीतरी काढून टाकलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हे सांगितलं. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "म्हणजे मूर्ख प्रश्न नव्हता तर." मी म्हटलं, अगदीच नव्हता. ग्रीकांना याचं उत्तर शोधायला बराच काळ लागला होता.

"बरं," ती म्हणाली, "पण थेलीसचं एक नाही पटलं. त्याला पिरॅमिडचा पाया तरी मोजता आला. आमच्या मागची पाण्याची टाकी बघ. कुंपणाला कुलूप. सावली पडते ती आतल्या झाडांवर. सांग तिची उंची."

खिडकीतून टाकी दिसत होती. उंच खांबांवरची, जुनी, गोल. पायथ्यापर्यंत जायचं नाही. मी हसलो, कारण आता मला उत्तर माहीत होतं. आमच्या ऑफिसात आम्ही हाच प्रश्न दिवसातून दहादा सोडवतो.

एका काठीने हे होत नाही. दोन काठ्यांनी होतं.

चीनमध्ये वेई राज्याच्या काळात लिउ हुई नावाचा गणिती होता. इसवी सन २६३ मध्ये त्याने जुन्या 'नऊ प्रकरणां'च्या ग्रंथावर भाष्य लिहिलं आणि शेवटी स्वतःचे नऊ प्रश्न जोडले. पुढे ते वेगळं पुस्तक म्हणून ओळखले जाऊ लागले आणि पहिल्या प्रश्नावरून त्याला 'समुद्रातलं बेट' अशा अर्थाचं नाव पडलं. तो प्रश्न असा. समुद्रात बेट आहे. किनाऱ्यावर ५ बू उंचीच्या दोन काठ्या उभ्या केल्यात, बेटाच्या सरळ रेषेत, एकमेकींपासून १००० बू अंतरावर. बू म्हणजे दोन पावलांचं माप, सुमारे दीड मीटर. पुढच्या काठीपासून १२३ बू मागे जाऊन जमिनीला डोळा लावला की काठीचं टोक आणि बेटाचं शिखर एका रेषेत दिसतं. मागच्या काठीपासून तेच १२७ बू मागे गेल्यावर दिसतं. बेट किती उंच, किती लांब?

आता कागद घ्या. बेटाचा काठीच्या टोकापेक्षा वर असलेला भाग काठीच्या किती पट आहे, ते आपल्याला माहीत नाही. त्याला 'क' पट म्हणू. पहिल्या काठीपाशी लहान त्रिकोण आहे: उंची काठीएवढी, पाया १२३. त्याच्याच रूपाचा मोठा त्रिकोण काठीच्या टोकापासून शिखरापर्यंत. उंची क पट, म्हणून पायाही क पट. म्हणजे बेटाचं अंतर = क × १२३. दुसऱ्या काठीपाशी बेट १००० बू जास्त लांब आहे, आणि तिथे अंतर = क × १२७. दोन्हींची वजाबाकी करा. १००० = क × ४. क म्हणजे २५०.

संपलं. बेटाची उंची ५ × २५० अधिक काठीचे ५, म्हणजे १२५५ बू. अंतर १२३ × २५०, म्हणजे ३०,७५० बू. पाण्यात पाय न बुडवता.

हाच विचार आपल्याकडे आर्यभटाच्या ग्रंथात आहे, इसवी सन ४९९चा. तिथे बेट नाही, दिवा आहे. दिव्यासमोर शंकू ठेवायचा, म्हणजे सरळ उभी खुंटी. तिच्या दोन ठिकाणच्या सावल्या आणि सावल्यांच्या टोकांमधलं अंतर यांवरून दिव्याची उंची काढायची. आणि भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमाराला 'लीलावती'त यावर उदाहरण घातलं. १२ अंगुळांचा शंकू. त्याची सावली ८ अंगुळं. तोच शंकू सावलीच्या दिशेने २ हात पुढे सरकवला तर सावली १२ अंगुळं. दिवा किती उंच? एका हाताची २४ अंगुळं. उत्तर १५६ अंगुळं, म्हणजे साडेसहा हात. ताळा करायचा असेल तर दिव्यापासून ९६ आणि १४४ अंगुळांवर शंकू ठेवून बघा, सावल्या बरोबर येतात. भास्कराचार्य याला वेगळं प्रमेय मानत नाहीत. हे सगळं त्रैराशिकच, असं त्यांचं म्हणणं. हरी जसा विश्वात भरून आहे तसं त्रैराशिक गणितात भरून आहे, असा त्यांचा भाव. बाजारात 'पाच रुपयाला दोन, तर वीसला किती' म्हणतो तेच, फक्त त्रिकोणावर.

इथे मला थोडं अवघडल्यासारखं झालं ते सांगतो. आत्याच्या घरापासून पाटण वीसेक किलोमीटरवर. पाटणादेवीला लहानपणी आम्ही कितीदा डबा घेऊन गेलोय. पण पाटणला एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला. त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट, यादवांच्या काळातली. म्हणजे आम्ही जिथे दगडावर बसून शेव-चिवडा खात होतो, त्या परिसरात कधीतरी पोरं बसून या दिव्याचंच उदाहरण सोडवत असणार. आणि मला हे सगळं मोबाइलवर रात्री दीड वाजता कळलं.

बरं, आता टाकी.

प्लंबिंगचा उरलेला पाइप मिळाला, बरोबर दीड मीटरचा कापला. मोजपट्टी घेतली. जमिनीला डोळा लावायचं काम बहिणीचं, कारण माझं पोट आड येत होतं. आत्या गच्चीवरून ओरडली, "अगं, ते नवे कपडे आहेत!" मी पाइप उभा धरला, बहीण पालथी पडून मागे सरकत गेली, पाइपचं टोक आणि टाकीचं टोक जुळलं तिथे खडूची खूण. मग पाइप २ मीटर मागे घेऊन पुन्हा तेच. दोन्ही खुणांच्या अंतरांतला फरक १४ सेंटिमीटर आला. म्हणजे क = २०० भागिले १४, सव्वाचौदा-साडेचौदाच्या दरम्यान. उंची जवळजवळ २३ मीटर.

"एकदा परत," मी म्हटलं. परत केलं. फरक २२ सेंटिमीटर. उंची १५ मीटर.

एकच टाकी, दहा मिनिटांत आठ मीटरने खचली. बहीण माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात इंजिनियरिंगबद्दल फारसा आदर नव्हता.

सूत्र बरोबर आहे. गोम त्या भागाकारात आहे. भागायचं कशाने, तर दोन अंतरांच्या फरकाने, आणि हा फरक जर चिमूटभर असेल तर त्यातली चार सेंटिमीटरची चूक उत्तरात कित्येक मीटर होऊन बाहेर पडते. लिउ हुईच्या बेटातही हेच आहे. त्याचा फरक ४ बू. तो चुकून ५ मोजला असता तर क २५०चा २०० झाला असता आणि बेट १२५५ ऐवजी १००५ बू. एका बूच्या चुकीने बेटाचे अडीचशे बू गायब. म्हणून तर त्याने काठ्या १००० बू अंतरावर ठेवल्या. ते उदाहरण पाठ्यपुस्तकी असलं तरी आकडे निवडणाऱ्याला मोजणीचा त्रास माहीत होता, असं मला वाटतं.

तुमच्या खिशातल्या फोनलाही हाच त्रास आहे. मागे दोन कॅमेरे असलेला फोन पार्श्वभूमी धूसर करतो तेव्हा बऱ्याचदा आतून हेच त्रैराशिक चालतं. दोन लेन्स या दोन काठ्या. तीच वस्तू दोन्ही चित्रांत किंचित सरकलेली दिसते, आणि लेन्समधलं अंतर भागिले ते सरकणं यावरून वस्तूचं अंतर निघतं. पण दोन लेन्समध्ये अंतर किती, तर एखादा सेंटिमीटर. धरून चालू की एक मीटरवरचा चेहरा ३० पिक्सेलने सरकतो. मग दहा मीटरवरचं झाड ३ पिक्सेलने सरकेल, आणि तीस मीटरवरची टाकी फक्त एका पिक्सेलने. तिथे एका पिक्सेलची चूक झाली तर उत्तर काहीही येऊ शकतं. आमच्या टीममध्ये लांबच्या वस्तूंची अंतरं नाचतात म्हणून बग नोंदवले जातात, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी नवा मुलगा कोडमध्ये चूक शोधत बसतो. एकदा तो नवा मुलगा मीच होतो. चार दिवस घालवले होते. कोडमध्ये चूक नव्हती.

उपाय एकच, काठ्या लांब न्या. खगोलशास्त्रात लोक हेच करत गेले. १६७२ मध्ये मंगळासाठी एक निरीक्षक पॅरिसला आणि एक दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला. १८३८ मध्ये बेसेलने एका ताऱ्याचं अंतर काढलं तेव्हा त्याच्या दोन काठ्या म्हणजे पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं. सहा महिने थांबायचं, पृथ्वीच काठी उचलून पलीकडे नेते.

आम्ही पाइप ११ मीटर मागे नेला. त्यापुढे शेजाऱ्यांचा गोठा होता. यावेळी फरक ९८ सेंटिमीटर. क म्हणजे ११.२ आणि काही. उंची १८.३ मीटर. पुन्हा केलं तेव्हा फरक १ मीटर ३ सेंटिमीटर, उंची साडेसतरा. आता टाकी फक्त पाऊण मीटर हलत होती. संध्याकाळी पाणी सोडायला येणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "साठ फूट म्हणतात बुवा." साठ फूट म्हणजे १८.३ मीटर. बहिणीने मला टाळी दिली. मी तिला सांगितलं नाही की काकांच्या 'म्हणतात'मध्येही दोन-चार फुटांची चूक बसू शकते. तिने ते स्वतःच काढलं, पण ते नंतर.

परत आल्यावर आठवड्याभराने तिचा मेसेज आला. वहीतल्या आकृतीचा फोटो, आणि खाली: "दादा, टाकीकडे जमीन चढाची आहे. आपण सपाट धरली. काटकोन झालाच नाही. उत्तर चुकलं ना?"

लंच ब्रेकमध्ये मी टिश्यू पेपरवर आकृती काढली. जमिनीची रेषा तिरकी काढली, दोन्ही काठ्या उभ्या, टाकी उभी. मग लक्षात आलं की काटकोन आपण कुठे वापरलाच नव्हता. काठी आणि टाकी एकमेकींना समांतर आहेत, जमीन तिरकी असली तरी सरळ आहे, एवढ्यावर त्रिकोण समरूप होतात. तेच तिचं मूलभूत प्रमेय. अंतरं चढावरून मोजली तरी क तोच येतो, आणि उंचीही तीच. मी तिला तसं लिहून पाठवलं, जरा ऐटीतच.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "आणि चढ एकसारखा नसेल तर? मध्ये गटार आहे ना आपलं."

ते अजून टिश्यू पेपरवरच आहे.